देवापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?

आलेलं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून:

"ताई, सलाम. माझं वय 52. आमच्याकडे तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणून मी बक्षिसं घेतलेली आहेत. आईला पक्षाघात झाला आणि शेवटची दोन वर्षं ती अंथरुणालाच होती. भाऊ लांब, ते यायचे आणि बघून जायचे. बाकी सगळं मीच केलं. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना माझ्या तोंडून निघून गेलं, 'देवा, ने रे हिला एकदाची. सोडव हिला आणि मलाही.' आईने ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी ती गेली. त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून मी प्रार्थना केलेली नाही. उपासनेला जाते, डोळे मिटते, दुसरे बोलतात ते ऐकते आणि आमेन म्हणते. आता माझ्या मुलीला सातवा महिना आहे आणि तिचं बीपी वाढलंय. सगळे म्हणतात, आईची प्रार्थना देव ऐकतो, तू कर. मला तोंड उघडायचीच भीती वाटते. मागच्या वेळी जे ऐकायला नको होतं तेच त्याने ऐकलं. आणि आता माझ्यासारखीचं तो ऐकेल तरी कशाला? घरसभेत एक काकू म्हणाल्या, धैर्याने माग, मनात शंका आली तर काही मिळणार नाही. माझ्या मनात शंकेशिवाय दुसरं काही नाही. देवापुढे मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

प्रिय भगिनी, सलाम.

आधी त्या रात्रीच्या वाक्याबद्दल बोलू. दीड वर्षं ते तुमच्या छातीवर बसलं आहे, आणि ते उठल्याशिवाय पुढचं काही तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

तुमच्या आईचा मृत्यू तुमच्या वाक्याने झालेला नाही. पक्षाघात होऊन दोन वर्षं अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं शरीर आतून थकत आलेलं असतं. चौथ्या दिवशी जे घडलं ते त्या आजाराचं होतं. हे मी तुमची समजूत घालायची म्हणून सांगत नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघितलं, तर तुम्ही बोललात तसं बोलणारी माणसं तिथे आधीच भेटतात, आणि देवाने त्यांचं काय केलं हेही तिथे लिहिलेलं आहे.

त्यातल्या गणना या पुस्तकाचा 11वा अध्याय काढा. मोशे एवढ्या मोठ्या लोकसमुदायाचं रडगाणं ऐकून इतका टेकीला येतो की देवाला सरळ विचारतो, ही सगळी लेकरं मी जन्माला घातली का? मला एकट्याला हे झेपत नाही, असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. 1 राजे 19 मध्ये एलीया रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. योनाच्या चौथ्या अध्यायातही तेच, मला जगण्यापेक्षा मरण बरं. तिघेही देवाचे संदेष्टे. तिघांनी स्वच्छ शब्दांत मरण मागितलं. देवाने तिघांपैकी एकालाही मारलं नाही.

त्याने काय केलं ते बघा. मोशेला त्याने 70 वडील जमवायला सांगितले आणि त्याच्यावरचा भार त्यांच्यात वाटून दिला, म्हणजे तो त्याला एकट्याला वाहावा लागू नये. एलीयाला देवदूताने जागं केलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला, प्याला, पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला लावलं. 'असं कसं बोललास' म्हणून कोणी त्याला रागे भरलं नाही. योनाशी देव त्याच्या रागाबद्दल बोलत बसला, त्याला प्रश्न विचारत राहिला. तिघांनी मागितलं एक, आणि देवाने ऐकलं ते त्या मागण्याच्या तळाशी होतं. मोशेचा एकटेपणा, एलीयाची उपासमार आणि भीती, योनाचा राग.

देव म्हणजे अर्जावरची अक्षरं वाचून शिक्का मारणारा कारकून नव्हे, भगिनी. त्या रात्री तिसरी चादर हातात घेऊन तुम्ही जे म्हणालात, त्यात त्याला काय ऐकू आलं असेल? दोन वर्षं पुरती झोप न झालेली एक मुलगी आईच्या हालांकडे बघवत नाही म्हणून ओरडते आहे. तुमचं वाक्यही पुन्हा एकदा वाचा. 'सोडव हिला' हे तुम्ही आधी म्हणालात. स्वतःचं नाव नंतर घेतलंत.

इथे मंडळीतल्या इतर वाचकांनाही एक सांगायचं आहे. मोशेच्या प्रार्थनेचं उत्तर 70 माणसं होती. आपल्यातल्या एखाद्या घरी असं आजारपण असतं तेव्हा आपण जातो, गीत गातो, एक अध्याय वाचतो, प्रार्थना करतो, चहा घेतो आणि निघतो. या भगिनीच्या घरीही लोक गेलेच असतील. पण आजची रात्र मी थांबते, तू झोप, असं कोणी म्हणालं असतं, तर हे पत्र कदाचित आलंच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणत्या तोंडाने जाऊ. तुम्ही लहानपणी पाठ केलेल्या वचनांमध्ये हे नक्की असणार: "तर मग आपल्यावर दया व्हावी आणि ऐनवेळी साहाय्यासाठी कृपा मिळावी, म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ." इब्रीकरांस पत्र, 4:16. पाठांतराच्या वचनांचं एक होतं, ती मागच्यापुढच्यापासून सुटून एकेकटी डोक्यात राहतात. म्हणून या वेळी तीन ओळी मागे जाऊन वाचायला सुरुवात करा. तेराव्या वचनात काय आहे? ज्याला आपल्याला हिशेब द्यायचा आहे त्याच्या डोळ्यांपुढे सगळं उघडं आहे, कोणतीही सृष्ट वस्तू त्याच्यापासून लपलेली नाही. तुम्हाला नेमकी याचीच धास्ती आहे ना? की त्याला ती रात्र ठाऊक आहे, त्या वेळची चीड ठाऊक आहे, चादर ओढताना हाताला आलेला जोर ठाऊक आहे. हो, ठाऊक आहे. आणि हे सगळं ठाऊक असलेल्याकडेच सोळावं वचन आपल्याला धैर्याने बोलावतं. तुमचं सगळं कळल्यावर तो दार लावून घेईल, असं तुम्ही धरून चालला आहात. इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्याने क्रम उलटा लावला आहे. आधी सगळं उघडं, मग या.

मधल्या दोन वचनांमुळे हे शक्य होतं. तिथे महायाजक, म्हणजे प्रमुख याजक, आहे. इब्री लोकांना हा शब्द ऐकल्याबरोबर जे आठवलं असेल ते लेवीय 16 मध्ये आहे. पडद्यामागच्या परमपवित्रस्थानात फक्त प्रमुख याजकाने जायचं, तेही प्रायश्चित्ताच्या दिवशी. साधी तागाची वस्त्रं घालून, आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पून, आणि धुपाचा धूर आत भरून, नाहीतर तो मरेल अशी ताकीद. बाकी सगळे लोक बाहेर. कोणत्या तोंडाने जाऊ, हा प्रश्न तिथे अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर होतं, जाऊ नकोस. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय लिहितो. इब्रीकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात म्हटलं आहे की येशूच्या रक्ताने आता आत जायची वाट मोकळी झाली आहे. म्हणून तुम्ही आत जाल ते तुमच्या तोंडाने जाणार नाही. आपला महायाजक आपल्या दुर्बलतेची कणव न येणारा नाही, सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेलेला आहे, असं पंधरावं वचन सांगतं. रात्रभर जागून माणसाचं काय होतं, जवळची माणसं झोपून गेली आणि आपण एकटेच उरलो की काय वाटतं, हे त्याने गेथशेमाने बागेत अनुभवलं आहे.

आणखी एक गोष्ट त्याच वचनात आहे. राजासनाजवळ जाऊन पहिल्यांदा काय मिळायचं आहे? दया. साहाय्य त्याच्या पुढचं. ज्याला दयेची गरज नाही अशा माणसासाठी ते वचन लिहिलेलंच नाही. लूक 18 मधला जकातदार दूर उभा राहिला, वर बघायलाही धजला नाही, ऊर बडवत एवढंच म्हणाला की हे देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, तो नीतिमान ठरून घरी गेला. तिथेच प्रार्थना करणाऱ्या परूश्याला, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धार्मिक माणसाला, मात्र तोंड भरपूर होतं.

तेव्हा त्या रात्रीच्या रागाबद्दल मन खात असेल तर ते त्याला सांगा. आईवर ओरडला असाल, तिला जोराने हलवलं असेल, तिच्या आजारपणाचा संताप आला असेल, तर ते नाव घेऊन कबूल करा आणि क्षमा घ्या. पण मी तिला मारलं, हे कबूल करू नका. ते खरं नाही, आणि जे केलं नाही त्याची क्षमा मागत बसलं तर माणसाला कधीच सुटका वाटत नाही.

काकूंचं बोलणं आता घेऊ. त्यांचा हेतू चांगला असणार, आणि त्या सांगतात ते याकोबाच्या पत्रात आहे हेही खरं. शंका धरणारा समुद्राच्या लाटेसारखा आहे, त्याला काही मिळेल असं त्याने समजू नये. हे 1:6 आणि 7. पण 1:5 सोडून ती वचनं वाचणं मला मुळीच पटत नाही. पाचव्या वचनात देव कसा देतो ते आहे: कोणाला दोष न लावता, सर्वांना, उदारपणे. याकोब ज्याला दटावतो तो द्विबुद्धीचा माणूस आहे, एक पाय देवाकडे आणि एक पाय दुसरीकडे ठेवणारा. देवाशिवाय कुठे जायला जागा नाही आणि तरी त्याच्याकडे जायची भीती वाटते, अशी बाई त्यात बसत नाही. तिच्यासाठी मार्क 9 आहे. तिथल्या मुलाचा बाप येशूला काय म्हणतो? माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला, आधी शंका संपव मग ये, असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

धैर्य म्हणजे मनात खळबळ नसणं, अशी आपल्या सभांमधून एक समजूत पसरली आहे. आवाज चढवून, हात उंचावून जो मागतो तो धैर्याने मागतो आणि ज्याचा आवाज कापतो त्याचं काही खरं नाही. याने मंडळीतली कितीतरी हळवी माणसं गप्प झाली आहेत. देवाच्या हातून अमुक गोष्ट होणारच असं छातीठोक सांगणं, हे प्रार्थनेतलं धैर्य असेल तर ख्रिस्तालाही ते नव्हतं म्हणावं लागेल. गेथशेमानेत तो म्हणाला, "अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे; हा प्याला माझ्यापासून दूर कर." आणि लगेच पुढे, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. इब्री 5:7 त्या प्रार्थनांविषयी सांगतं की त्याने मोठा आक्रोश करून, आसवं गाळून, मरणातून तारायला जो समर्थ आहे त्याच्याजवळ विनंती केली आणि त्याचं ऐकण्यात आलं. ऐकण्यात आलं, तरी दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर होता. वाट वधस्तंभावरून गेली आणि तिसऱ्या दिवशी उघडलेल्या कबरेपाशी पोचली. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं.

म्हणून तुमच्या मुलीचं सगळं सुखरूप होईल, असं वचन मी तुम्हाला देणार नाही. माझ्या हातात ते नाही. जे सांगू शकते ते हे की तुम्ही बोलाल ते ऐकलं जाईल. तुमच्या तोंडून चुकीचा शब्द गेला तर देव तोच पकडून मुलीवर आणेल, ही भीती मात्र मनातून काढून टाका. तो तसा नाही. मोशे, एलीया आणि योना यांच्या बाबतीत तो तसा वागला नाही.

तीन पिढ्या ख्रिस्ती असून मला एवढंही जमत नाही, असा एक सूर तुमच्या पत्रात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. तरी 1907 साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितलं आहे की त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो त्यांना सापडलेला नव्हता. संस्कृत जाणणारी, पुढे सबंध शास्त्राचं मराठीत भाषांतर करणारी बाई हे उघडपणे लिहिते. वचनं पाठ असणं आणि ज्याची ती वचनं त्याच्यापाशी जाऊन बसणं, यांत वर्षांचं अंतर पडू शकतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवात कशी करायची ते आता सांगते. मुलीच्या प्रार्थनेपासून करू नका. तिथे भीती सगळ्यात मोठी आहे. आधी दुसऱ्याचे शब्द उसने घ्या. 130वं स्तोत्र लहान आहे, आठच वचनं. ते मोठ्याने वाचा, घरात कोणी नसताना, स्वयंपाक करता करता वाचलं तरी चालेल. देवाने अपराध लक्षात ठेवले तर कोण टिकेल, असं विचारून ते स्तोत्र लगेच म्हणतं की तुझ्यापाशी क्षमा आहे. काही दिवस एवढंच पुरे. मग एक दिवस आपल्या शब्दांत बोला, आणि ते शब्द सजवू नका. आपल्याकडे प्रार्थना म्हटली की एक ठरावीक भाषा जिभेवर येते, हे सर्वसमर्थ, परमकृपाळू, दयाघन पित्या, आणि मग खरं बोलायचं राहून जातं. तुम्ही आईशी बोलायचात तशा बोला. देवा, त्या रात्री मी असं म्हणाले. मला तेव्हा फार थकायला झालं होतं. आई गेल्यापासून मला तुझी भीती वाटते. मला माफ कर, आणि मी तिला मारलं नाही हे मला पटव. येशूच्या नावाने. एवढी प्रार्थना झाली तर खूप झालं. रडू आलं आणि पुढे बोलताच आलं नाही, तरी ती अर्धवट राहिली असं समजू नका. रोम 8:26 मध्ये स्पष्ट आहे की कशासाठी व कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

त्यानंतर मुलीसाठी मागा, आणि हवं ते मागा. 'तुझी इच्छा' एवढंच म्हणून आटपू नका. बार्तीमय आंधळा समोर उभा असताना येशूने त्याला विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तिचं बीपी उतरू दे, बाळाचं वजन वाढू दे, नऊ महिने पुरे होऊ दे, दोघं सुखरूप घरी येऊ दे, हे नाव घेऊन सांगा. मग, तुझ्या इच्छेप्रमाणे, असं म्हणा. बापाला सांगून झाल्यावर ते म्हणणं सोपं जातं.

प्रार्थना सुरू झाली म्हणून तिच्या गोळ्या आणि तपासण्या चुकता कामा नयेत. सातव्या महिन्यात बीपी वाढणं किरकोळ नसतं. डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिपके येतात, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखतंय, चेहऱ्यावर किंवा हातांवर एकदम सूज आली, यांतलं काहीही झालं तर रात्र असो की उपासनेची वेळ, थेट दवाखाना गाठा. प्रसूती सगळ्या सोयी असलेल्या रुग्णालयातच व्हावी, हे आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठरवा. डॉक्टरकडे धावल्याने विश्वास कमी होतो असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नका.

तुमच्याकडेही बघायला हवं. दीड वर्षात झोप नीट लागते का, जेवण जातं का, याबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलेलं नाही. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसलो तर बरं असे विचार येत असतील, तर डॉक्टरांना तेही सांगा, आणि शेवटचा विचार येत असेल तर आजच सांगा. एलीयाला देवाने आधी झोपू दिलं आणि जेवू घातलं. त्याच्याशी होरेब डोंगरावर बोलणं त्यानंतरचं.

शेवटचं, हे एकट्याने करू नका. तुमच्या मंडळीत अशी एखादी बाई असेल जी ऐकून घेते आणि बाहेर बोलत नाही. पाळकांच्या पत्नी असतील, जुन्या संडे स्कूलच्या बाई असतील. त्यांना घरी बोलवा आणि त्या रात्रीचं सगळं त्यांना एकदा सांगा, चादरीसकट. एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं याकोबच आपल्या पत्राच्या शेवटी सांगतो. ऐकून झाल्यावर त्यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी, आणि तुम्हाला जमलं तर त्यांच्यामागे तुम्हीही एखादं वाक्य म्हणावं. नाही जमलं तर नुसतं आमेन म्हणा.

भावांनाही फोन करा. मुलीच्या बाळंतपणात रात्रीची पाळी वाटून घ्यायची आहे हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. त्यांच्या बायका येऊ शकतील, भाचरं येऊ शकतील. या वेळी सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही.

मुलगी मोकळी झाली की कळवा. तुमची आणि तिची नावं मी माझ्या रोजच्या प्रार्थनेत घेते आहे.

तुमची,
ताई